नाताळ घेऊन गेलेला माणूस

डोळे उघडले तेव्हा एक अनोळखी माणूस बैठकीच्या खोलीची भिंत मोजत होता.

तोरुनला आधी वाटलं, तापातलं स्वप्न असेल. पण स्वप्नातली माणसं ओल्या मोज्यांचे ठसे गालिच्यावर उमटवत नाहीत. दातांत पेन्सिल धरून गुणगुणत तर मुळीच नाहीत.

"कोण आहात तुम्ही?" ती गरजली. निदान तिला गरजायचं होतं. बसलेल्या घशातून निघाली ती फक्त एक चिरकी किंकाळी.

माणूस दचकला. त्याच्या हातातली मोजपट्टी सट्‌कन आत गेली.

"अरे... माफ करा! इथे कुणी आहे हे कळलंच नाही. मला वाटलं, पांघरुणांचा ढीग आहे."

"ढीग?"

"म्हणजे... नीटनेटका ढीग."

तोरुन उठून बसली. अंगात बाबांचा जुना लोकरी सदरा, नाक लाल, केसांचं घरटं झालेलं. अशा अवतारात कुणी आपल्याला पाहावं, आणि वर इतक्या मजेत हसावं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"दार वाजवायची पद्धत नाही का तुमच्याकडे?"

"नाही," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "मी वारदोचा. आमच्या उत्तरेत दार वाजलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. वाटतं, पोलीस आले, नाहीतर पाद्री आला. ओळखीचा माणूस सरळ आत येतो."

"मी तुमच्या ओळखीची नाही!"

"ओदवारकाका आहेत ना. तेच म्हणाले, नाताळात ये कधीही."

तोरुनने कपाळाला हात लावला. बाबा! सोल्विक गावात सगळेच सगळ्यांना 'नाताळात ये कधीही' म्हणतात, आणि कुणीही कुणाकडे जात नाही. हे इथल्या शाळकरी पोरांनाही कळतं. खरोखरच येऊन थडकणारा हा पहिलाच महाभाग.

"आणि मोजताय काय?"

"पुस्तकांच्या फळ्यांसाठी जागा. घर ताब्यात आल्यावर या भिंतीला..." तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू हळूहळू मावळलं. "तुम्हाला... सांगितलंय ना त्यांनी?"

कोपऱ्यात पुठ्ठ्याची खोकी होती. परवा आल्यापासून ती पाहत होती. नाताळच्या सजावटीची असतील, असं तिला वाटलं होतं. आता तिला त्यांच्यावरची अक्षरं दिसली. स्वयंपाकघर. आईची पुस्तकं. तोरुनची खोली.

"बाहेर व्हा," ती म्हणाली.

"ऐका तरी, मी आस्लाक. गावातल्या शाळेत सुतारकाम शिकवतो आणि..."

"बाहेर!"

तो गेला. पावसात बुटांच्या नाड्या न बांधताच गेला. त्या वर्षी डोंगरमाथ्यावर बर्फ होतं, पण खाली फ्योर्डच्या, डोंगरांमधून आत शिरलेल्या खाडीच्या, काठाला नाताळभर नुसती पावसाची रिपरिप होती.

वरच्या मजल्यावरून आईचा खोकला ऐकू आला. मग आवाज. "कोण होतं ग?"

"एक उद्धट माणूस!"

"काही खाल्लं का त्यानं?"

"आई, त्यानं मला पांघरुणांचा ढीग म्हटलं!"

"ते राहू दे. तोंडात काही घातलं का? निदान एखादं बिस्किट?"

तोरुनने टेबलावरच्या न उघडलेल्या बिस्किटांच्या डब्याकडे पाहिलं. जिन्यावर पावलं वाजली आणि बोर्गिल, तिची आई, गळ्याला मफलर गुंडाळून अर्ध्या जिन्यात उभी राहिली. नाताळात घरी आलेला माणूस काहीही न चाखता उंबऱ्याबाहेर गेला, तर तो त्या घरातला नाताळ सोबत घेऊन जातो. बोर्गिलच्या आजीने हे मानलं, आईने मानलं, आणि बोर्गिल स्वतः तर वीजबिल द्यायला आलेल्या पोस्टमनलाही केक खाल्ल्याशिवाय सोडत नसे.

"त्याला परत बोलाव."

"मी? आधी तुम्ही सांगा, घर विकताय हे मला कधी कळणार होतं? खोकी माझ्या दारात आल्यावर?"

"तुला ताप होता, म्हणून नाही बोललो."

"ताप परवा आला, आई! घर काय परवा विकायला काढलंत?"

ओदवार, तिचे बाबा, आईच्या मागे येऊन उभे राहिले होते. खोकून खोकून त्यांचेही डोळे पाणावले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "अजून सह्या झालेल्या नाहीत, बाळा. नव्या वर्षात करायच्या ठरल्यात. बर्गेन शहरात एक छोटी जागा पाहिलीय आम्ही. पण तू नको म्हणालीस, तर नाही विकणार."

"नको!" तोरुन म्हणाली. "नको म्हणजे नको!"

"बरं," बाबा म्हणाले. एवढंच. आणि कठड्याला धरून वर गेले.

भांडायची एवढी तयारी करावी आणि समोरच्याने असं 'बरं' म्हणावं, याचा तर तिला जास्तच राग आला.

"आता नाताळ परत आण," आई म्हणाली. "मग हवं तेवढं भांड."

अन्नाची तर घरात रास पडली होती. काका, मावश्या, त्यांची मुलं अशी मोठी पंगत बसणार होती. पण घरातले तिघेही आजारी पडल्यावर सगळ्यांना येऊ नका म्हणून कळवावं लागलं. मेंढीच्या खारवलेल्या फासळ्या, सलगमाचं भरीत, सात प्रकारची बिस्किटं, सगळं जिथल्या तिथे राहिलं. तोरुनने रागारागाने एक डबा भरला, बाबांचा रेनकोट चढवला आणि उतार उतरून निघाली.

आस्लाक जुन्या टपाल कार्यालयाच्या माडीवर भाड्याने राहत होता. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात कडक पाव होता आणि त्यावर ट्यूबमधून पिळलेली माशाची अंडी. बिचाऱ्याचा नाताळ हा असा चालला होता.

"खा," तोरुनने डबा पुढे केला.

"तुम्ही मला हाकलायला एवढ्या लांब आलात? मी तर माझ्याच घरी आहे."

"तुम्ही आमचा नाताळ घेऊन आलात. आईला तो परत हवाय."

क्षणभर त्याला काही कळेना. मग कळलं. त्याच्या डोळ्यांत एक खट्याळ लकाकी आली. "अस्सं! तरीच म्हटलं, खिसा जड का लागतोय. पण इतक्या सहज कसा देऊ? एका ओल्या, चिडलेल्या बाईच्या हाती?"

"मी चिडलेली नाही!"

"मग तुम्ही शांत असताना कशा असता, बघायलाच हवं."

तिला हसू आलं—आणि हसू आलं म्हणून संताप आला. तेवढ्यात खोकल्याची अशी उबळ आली की तिला दाराची चौकट धरावी लागली. त्याने काही न विचारता खुर्ची पुढे सरकवली आणि काळ्या बेरीचं गरम सरबत करून तिच्या हातात दिलं. मग समोर बसून फासळ्यांवर ताव मारला. बोटं चाटत खाल्लं त्याने. सुतारकाम करणारे हात ते, खरबरीत, पण पेला देताना किती हळू...

तोरुनने घाईघाईने खिडकीबाहेर पाहिलं.

"त्यांना का जायचंय?" तिने विचारलं.

"ते तुम्ही त्यांनाच विचारा."

"तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे परक्या माणसाला ठाऊक आहे, आणि मला नाही!"

"मलाही कुणी सांगितलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "मी त्यांच्याकडे येऊन बसतो. बसलं की दिसतं. तुम्ही शेवटच्या कधी येऊन बसला होतात?"

ती ताडकन उठली. पेल्यातलं सरबत हिंदकळलं. "माझ्या घरात घुसायचं, ते मोजायचं, आणि वर मलाच शिकवायचं? तुमच्या शाळेतली पोरं ऐकून घेत असतील. मी नाही!"

दार तिने इतक्या जोरात आपटलं की खालच्या दाराची घंटा किणकिणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. मग पुन्हा टकटक. मग दणदण. तोरुनने दार उघडलं.

"वाजवलं," आस्लाक म्हणाला. "ऐकू आलं ना? की अजून वाजवू?"

"पूर्ण फ्योर्डला ऐकू गेलं."

"बोर्गिलकाकूंनी जेवायला बोलावलंय. शिळं संपवायला माणूस कमी पडतोय म्हणाल्या."

आईने आपल्याला न विचारता याला बोलावलं! पण आता कुठल्या कुठल्या गोष्टीवर चिडायचं? नाताळ आणि नवं वर्ष यांच्या मधल्या त्या आळशी दिवसांत तो रोज येत राहिला. कालच्या फासळ्यांचा आज रस्सा व्हायचा, भरिताच्या टिक्क्या व्हायच्या, बिस्किटं सरबतात बुडवून संपायची. खोकणारी तीन माणसं आणि जेवणारा एक. आस्लाक बाबांसाठी लाकडं फोडून आणायचा. तोरुन ती चुलीत सारायची आणि त्याच्याकडे मुळीच बघायची नाही. तो बघत नसताना सोडून.

"आज नाक कमी लाल आहे," तो एकदा म्हणाला.

"तुमचं लक्ष आहे वाटतं माझ्या नाकावर."

"एवढं लाल असल्यावर जाणार कुठे लक्ष?"

तिने त्याला पुसण्याचं फडकं फेकून मारलं. ते त्याने झेललं आणि... परत दिलं नाही.

आणि मग एके सकाळी तोरुनला ते दिसलं.

बाबा जिना चढत होते. मध्यावर थांबले. भिंतीवर एक जुनं चित्र होतं, होडीचं. बाबा ते पाहत राहिले. जन्मभर पाहिलेलं चित्र असं कोण पाहतं? मग ते हळूच पायरीवर टेकले, छातीवर हात ठेवून. डोळे मिटलेले. वरून आईचा आवाज आला, "आलास का रे?" बाबा म्हणाले, "आलो, आलो, चित्र बघतोय!" हा संवाद त्या दोघांना पाठ असावा, असा तो झाला.

तोरुन दाराआड उभी होती. इतके दिवस ती किती चिडली होती, त्यांच्यावर, त्या खोक्यांवर, आस्लाकवर. आता तो सगळा राग गर्रकन फिरून तिच्याच अंगावर आला. दर नाताळात ती यायची, जेवायची, झोपायची, निघून जायची. आणि तिच्या एका 'नको'साठी हा माणूस हा जिना चढतच राहणार होता.

तिने ठरवलं. आज संध्याकाळी, वर्षाच्या शेवटच्या जेवणाला, बाबांना सांगायचं. जा म्हणायचं. लिफ्ट असलेल्या घरात जा.

पण दुपारीच आस्लाक आला. जेवला नाही, बसलाही नाही. बाबांसमोर टोपी हातात धरून उभा राहिला.

"ओदवारकाका, मी घर नाही घेत. माझा विचार बदललाय."

बाबांचा चेहरा तोरुनने पाहिला. ते हसले, मान हलवली, "असू दे, असू दे" म्हणाले. पण त्यांचे खांदे... भिजलेल्या कोटासारखे खाली आले. आस्लाक घाईने बाहेर पडला.

तोरुनने बूटही घातले नाहीत. आईच्या घरातल्या सपाता पायात, तशीच ती रस्त्यावर धावली.

"थांबा! थांब म्हणते ना!"

तो थांबला.

"का घेत नाहीस घर?"

"तुला ते जाऊ द्यायचं नाहीये. तू नको म्हणालीस, काकांनी सांगितलं मला. ते तुझ्यासाठी थांबतील आणि मनात कुढत राहतील. म्हटलं, आपणच बाजूला झालं की कुणावर दोष नाही."

"आणि हे तू ठरवलंस? एकट्यानेच?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून—"

"मला विचारलंस?" तिचा आवाज आता चांगलाच सुटला होता. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या गुनवोरबाई खिडकीशी येऊन बघू लागल्या. "आई-बाबांनी घर विकायचं ठरवलं, मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही. तू न घ्यायचं ठरवलंस, मला वाईट वाटू नये म्हणून! सगळे माझ्या मनाची काळजी करतात आणि माझ्या मनाला कुणी विचारत नाही! मी आज बाबांना हो म्हणणार होते. तू सगळ्याची माती केलीस!"

"हो म्हणणार होतीस?"

"त्यांना तो जिना झेपत नाही, आस्लाक." आवाज तिथे फुटला. "मला दिसलं. मी बसले, आणि दिसलं."

पाऊस दोघांच्या पापण्यांवर साचत होता. मग त्याने आपलं जाकीट काढून तिच्या खांद्यांवर टाकलं.

"मी आत्ता परत जाऊन काकांना सांगतो. घर घेतो म्हणून."

"जा."

"पण मला एक भीती होती. खरं तर तीच जास्त होती." तो जमिनीकडे बघत होता. "घर घेतलं की तू पुन्हा या गावात कशाला येशील? असं वाटलं. म्हणून घर नको वाटायला लागलं."

तोरुनच्या छातीत काहीतरी धडधडलं. ते तापाचं नव्हतं. ताप तर केव्हाच उतरला होता.

"आणि हेही तू मला न विचारताच ठरवलंस," ती म्हणाली.

"मग... आता विचारू?"

"विचार की! एवढे दिवस काय फक्त फासळ्याच खात होतास?"

त्याने मान वर केली. उत्तरेचा तो धीट माणूस, कुणाच्याही घरात बेधडक शिरणारा, आणि आता शब्द शोधताना कानापर्यंत लाल झालेला.

"मला तू आवडतेस, तोरुन. चिडतेस तेव्हा तर फारच. मी... आवडतो तुला?"

"हो!" तोरुन ओरडली. "हो, हो, हो! आणि त्याचाच तर मला इतका राग येतोय!"

समोर गुनवोरबाईंनी नाराजीने मान हलवली. वर्षाच्या शेवटच्या दिवशीसुद्धा लोकांना भांडणं सुचतात, असं पुटपुटत त्यांनी खिडकी लावून घेतली.