शुक्रवारी कोसळलेली रेघ

"बाई, मी झोपलो नव्हतो. मुलाबाळांची शपथ!" म्हणत म्हातारा बद्री दारातच मटकन खाली बसला.

इजिप्तमधल्या तान्ता शहरात खासगी तपास करणाऱ्या इन्साफबाईंनी त्याला खुर्ची दिली. त्यांचा मेहुणा लुत्फी, पोलिसांतून निवृत्त झालेला, चहा ओतता ओतता थांबला.

बद्रीचं घराणं अंडी उबवणारं. मातीच्या भट्टीत हजारो अंड्यांसोबत राहायचं, ती फिरवायची, जपायची. भट्टी मात्र हाजी फर्गलीची. शुक्रवारी बद्री नमाजाला गेला आणि परत येऊन पाहतो तो सगळी अंडी थंडगार.

"आज पिल्लं बाहेर आली असती, बाई. हाजींनी चार पिढ्यांची भट्टी माझ्याकडून काढून जावयाला दिली. आता म्हातारपणी कुठे जाऊ?"

"अंडी फोडून पाहिलीत?"

"फोडू दिली नाहीत. जावयाने तशीच कालव्यात ओतली."

बाईंनी चहा तसाच ठेवला आणि पर्स उचलली.

भट्टीपाशी हाजींचा जावई वहीद ऊब मोजणारं यंत्र दाखवायला उत्सुकच होता. कैरोहून आणलेलं. फिरत्या कागदावर दोन टाक रेघा ओढत होते: लाल आतल्या उबेची, निळी बाहेरच्या हवेची.

"यंत्राला लाचलुचपत चालत नाही. बघा, शुक्रवारी दुपारी लाल रेघ धाडकन खाली! म्हाताऱ्याने जाळ विझू दिला."

"तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"पंप दुरुस्त करत होतो. एकटाच."

लुत्फीने मान डोलावली. त्याच्या मते प्रकरण मिटलं होतं.

भट्टीच्या जाळासाठी पेंढा पुरवणारा झकी गाडी घेऊन भेटला, तेव्हा मात्र लुत्फीला त्याचाही संशय आला. "गाडी तुझीच ना रे? शुक्रवारी काय वाहिलंस?"

"गाडी माझी, पण शुक्रवारी जावईबापूंनी नेली होती. नव्या गोदामात सामान न्यायचं म्हणाले. मी मशिदीत, पहिल्या रांगेत. सगळ्या गावाला विचारा."

"भट्टीला पेंढा किती देतोस?" बाईंनी विचारलं.

"सुरुवातीला रोज. दोन आठवडे झाले की काडीसुद्धा घेत नाहीत."

"भलतेच चिकट दिसतात," लुत्फी हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना भट्टीत बोलावलं.

यंत्राचा कागद भिंतीला लावून त्यांनी काजळाच्या कांडीने त्यावर तिसरी, काळी रेघ ओढली.

"हाजी, हा झकीचा पेंढा, म्हणजे जाळ. पहिले दोन आठवडे जाळ वाढला की ऊब वाढते, कमी झाला की उतरते. मग काळी रेघ तळाला गेली. लाल मात्र वरच राहिली. जाळ नाही, तर ही ऊब कुणाची?"

"पिल्लांची," बद्री हळूच म्हणाला.

लुत्फी कागदाजवळ सरकला. अजून न जन्मलेले हजारो जीव एकमेकांना ऊब देत होते आणि ती इथे कागदावर दिसत होती! आयुष्यभर इतके कागद पाहिले, पण असा एकही नाही.

"आता शुक्रवारची दुपार. निळी रेघ आठवड्यातली सर्वांत उंच. बाहेर ऊन रणरणतंय, जाळ आधीच बंद, आणि तरी आत गारठा? ऊब देणारेच बाहेर नेले, म्हणून."

"मेली असतील!" वहीद ओरडला.

"मेली असती तर या जाड भिंतींत सावकाश निवली असती. ही रेघ कड्यावरून पडल्यासारखी आहे. कुणीतरी बाजारातली गार अंडी आणून रचली. फोडली असती तर आत नुसता बलक दिसला असता."

"मग झकी का नाही? मीच का?"

"शेवटी जाळ लागत नाही, हे भट्टीवर राबलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जाळ विझल्याची थाप फक्त तुम्ही मारलीत. तुम्हाला वाटलं, ऊब जाळाचीच, तेव्हा अंडी बदलली तरी रेघ ढिम्म हलणार नाही; ती कोसळली तेव्हा दोष जाळावर ढकललात. आणि गाडी तुमच्याकडेच होती."

"पुरावा आहे?"

"आज एकविसावा दिवस. पुरावा स्वतःच ओरडत असेल. गोदाम उघडा."

गोदामाच्या दाराशी पोचताच सगळे थबकले. आतून किलबिल येत होती, एवढी की लुत्फीला स्वतःचा श्वास ऐकू येईना. दिव्यांच्या उबेत टरफलं फुटत होती आणि ओली, लटपटती पिल्लं उभी राहू पाहत होती.

हाजींनी भट्टीची किल्ली पुढे केली. "बद्री, माझं चुकलं. घे बाबा."

बद्रीने मागे वळूनही पाहिलं नाही. "किल्ली नंतर, हाजी. आधी ते दार लावा. लेकरांना वारा लागतोय."