रिकाम्या रस्त्यावर एकशे बारा

म्बेया शहराच्या अलीकडे महामार्ग टेकडी उतरतो आणि इसांगे गावाच्या पोटातून सरळ निघून जातो. एका अंगाला प्राथमिक शाळा, दुसऱ्या अंगाला वस्ती आणि मध्ये पांढरे पट्टे. त्या पट्ट्यांपाशी, आंब्याच्या सावलीत, हवालदार आतुपेले स्पीड गन घेऊन उभी असे. गावाबाहेर बसला आणि मालट्रकला ऐंशी, गावात सगळ्यांनाच पन्नास. एक्कावन्न झाले की तिची शिट्टी वाजलीच म्हणून समजा. ड्रायव्हर समोरच्याला दिवे मारून तिची वर्दी देत, आणि तिला त्याचा राग येण्याऐवजी अभिमानच वाटायचा.

त्या सोमवारी एक ट्रकवाला तिच्यापुढे गयावया करत होता. "मॅडम, मागे मेलेली बस बांधून ओढतोय. मी काय पळणार?"

"मग त्रेपन्न कुठून आले? मेलेलीने ढकललं का?" असं म्हणत तिने पावती फाडली.

ट्रक गेला, रस्ता मोकळा झाला. गन अजून टेकडीकडेच रोखलेली होती. दोन वाजले होते. पडद्यावर आकडा उमटला, ११२. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आतुपेलेने बॅटरी काढली, सदऱ्याला पुसली आणि परत बसवली. उन्हाने यंत्रंही भंजाळतात, हे तिला ठाऊक होतं.

मंगळवारी बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा ११२. या खेपेला कडेचं गवत ओळीने झुकत आलं, चपात्या विकणाऱ्या बाईच्या टोपलीवरचं फडकं उडालं आणि मागे तापलेल्या ब्रेकचा उग्र वास रेंगाळत राहिला. बाईने फडकं उचललं आणि टोपली चार पावलं मागे नेली.

लगेच लुहांगाचा फोन आला. तोही हवालदार, सहा किलोमीटर वर, टेकडीवरच्या नाक्यावर असे.

"आतूताई, तुझ्याकडे आत्ता काही आलं का गं?"

"का?"

"माझ्या गनवर एकशे बारा आलं. आणि रस्ता साफ रिकामा."

"वेळ सांग. गनवर उमटते ती."

"दोन वाजून सहा मिनिटं, सत्तेचाळीस सेकंद."

तिने पावतीच्या पाठीवर हिशेब केला. सहा किलोमीटर, तीन मिनिटं तेरा सेकंद. वेग निघाला एकशे बारा. दोन गन एकाच दिवशी बिघडू शकतात, पण दोघी मिळून एकच गणित बरोबर सोडवणार नाहीत.

बुधवारी ते दोन वीसला आलं. म्हणजे रोज दहा मिनिटं उशिरा. शाळा सुटते अडीचला, आणि सुटली की दोनशे पोरं त्याच पट्ट्यांवरून रस्ता ओलांडतात. आतुपेलेने पुढची वेळ मोजली, गुरुवारी अडीच.

तिने साहेबांना फोन केला. ते पोटभर हसले. "रिकाम्या रस्त्यावर नाकाबंदी लावू? ऊन लागलंय तुला. गन दुरुस्तीला पाठव." हेडमास्तरांकडे गेली तर ते म्हणाले, "दोनशे भुकेली पोरं घंटेनंतर धरून ठेवायची? तुम्हीच या धरायला."

गुरुवारी सकाळी लुहांगा फोनवर हळू आवाजात बोलला. "ताई, आज तू पोरांना दारातच थोपव. जे काय आहे ते जाऊ दे."

"आज जाऊ दिलं तर उद्या हा रस्ता त्याचाच. नियम मोडतंय ते, आणि थांबायचं पोरांनी? का म्हणून?"

"पण त्याला नियम लागू आहे का?"

"चाकं असतील तर लागू आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अडीचला चार मिनिटं कमी असताना ती पट्ट्यांपुढे, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. चपातीवाल्या बाईने टोपली उचलून घर गाठलं होतं.

फोन वाजला. "गेलं," लुहांगा म्हणाला.

तिने डाव्या हाताने गन रोखली, उजवा हात वर केला.

डांबर तापून हलत होतं. टेकडीच्या पायथ्याशी गवत झुकू लागलं.

११२.

तिने शिट्टी फुंकली. दम संपेपर्यंत फुंकली.

१११.

"गावात पन्नास," ती ओरडली. "इथे मी उभी आहे."

९७. ऐंशी. तोंडावर गरम वारा आला. टोपी उडून मागे पडली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

पन्नास.

एकवीस.

रबर जळल्याचा वास आला. वर केलेल्या तळहातापासून वीतभर अंतरावर काहीतरी कढत होतं.

शून्य.

"थांबायचं," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला, याचं तिला नवल वाटलं. "मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

शाळेची घंटा झाली.

पोरं धावत आली आणि रोजच्यासारखी पट्ट्यांवरून पलीकडे गेली. जाताजाता "शिकामो, शिकामो" असं म्हणत तिला आदराने नमस्कार करत होती. ती हात तसाच वर धरून एकेकाला "मराहाबा" म्हणत होती, कारण मोठ्या माणसाचं उत्तर मिळाल्याशिवाय तिकडे मूल पुढे जात नाही. दोनशेच्या दोनशे पलीकडे पोहोचली.

सगळ्यांत शेवटी दुसरीतली एक लहानगी मुलगी होती. आतुपेलेने तिला "मराहाबा" म्हटलं. पण ती तिथेच थबकली. तिने मान वर केली, आतुपेलेच्या डोक्याच्याही वर, बसच्या ड्रायव्हरची खिडकी असते तितक्या उंचीवर पाहिलं आणि गुडघे किंचित वाकवून म्हणाली, "शिकामो."

ती उत्तराची वाट पाहत राहिली. मग तिने मान डोलावली.

"तुसेकिले," तिने नाव सांगितलं. जरा वेळ ऐकून घेतलं. "हो, शाळा उद्यापण अडीचलाच सुटते."