बेचाळीस हातांवरचा तळ

वऱ्हाडात कधीकाळी समुद्र होता, हे सिद्ध करायला भगवंत निघाला होता. अमरावतीच्या राजापेठेत सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. समुद्र इथून साडेतीनशे मैल! पण भगवंताने सात वर्षं सर्वेक्षणाच्या जहाजावर काढली होती. कोकणच्या किनाऱ्यापुढे तळाचा गाळ उपसायचा आणि त्यातले शिंपल्यांचे कण भिंगाखाली तपासायचे, हेच त्याचं काम. पूर्णेकाठची जमीन एवढी खारी का, याचं उत्तर तसल्याच गाळात असणार, असं त्याच्या डोक्याने घेतलं होतं. वरिष्ठांनी एका ओळीत कळवलं होतं, की पावसाळ्यापूर्वी पुरावा आणा, नाहीतर हा विषय पुन्हा काढू नका.

म्हणून १९३४ च्या ऐन मे महिन्यात एक बैलगाडी अकोल्याच्या बाजूला पूर्णेच्या घळींत उतरली. गाडीत लांब लोखंडी नळी, दोरखंड आणि गोड्या पाण्याच्या दोन पखाली. गाडी-बैल शालिकरामचे. तिसरा गयासुद्दीन, साठीला टेकलेला, चाळीस वर्षं विहिरी खोदलेला माणूस. गाठायची होती ती आटून बंद पडलेली जुनी मिठाची विहीर; पूर्वी तिच्या खाऱ्या पाण्याचं मीठ करत. तिच्या तळातून नळीभर गाळ काढायचा, बस्स.

दोन दिवस नुसतं बाभळीचं रान. वाटेतल्या डबक्यांचं पाणी बैलही तोंडात घेईनात. दुसऱ्या दिवशी काट्याने एक पखाल फाटली आणि पाणी पाहता पाहता भेगांत गेलं. शालिकराम परत फिरू म्हणाला, त्याचं काही चुकत नव्हतं. भगवंताने गयावया करून दीड दिवस मागून घेतला.

विहीर त्याच दुपारी सापडली. गयासुद्दीनने दोराला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधून आतली कोंडलेली हवा घुसळली. मग कंदील सोडला. तो तळापर्यंत पेटता राहिला, तेव्हा कुठे म्हातारा उतरला. सांजेपर्यंत नळी चिखलात ठोकून तो वर आला. सकाळी बैलांनी ती अर्धी उपसली आणि ती तिथेच अडकली. तळाशी काहीतरी बुडबुडल्याचा आवाज आला, गाळात कोंडलेली हवा सुटावी तसा.

आता खाली जाऊन नळी मोकळी करणं भाग होतं. गयासुद्दीनने पुन्हा कंदील मागितला. पखालीत जेमतेम दोन तांबे पाणी उरलं होतं आणि ऊन चढत होतं.

"कालच त पायलं ना, चाचा," भगवंत म्हणाला. हे एक वाक्य पुढे जन्मभर त्याच्या मानगुटीवर बसलं.

म्हाताऱ्याने कंदिलाचा नाद सोडला. मग कमरेला दोर बांधत म्हणाला, "ध्यानात ठेवा, भाऊ. पाय टेकले की मी दोन हिसके देईन. हिसका न येता दोर ढिला पडला, त ओढा. इचार करत बसू नका."

भगवंताने मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

दोर खुंट्याभोवतीच्या वेढ्यांतून सुटू लागला. भगवंत मोजत होता. तीस. पस्तीस. चाळीस. बेचाळीस हातांवर दोर ढिला पडला. जहाजावर दोर ढिला पडला की समजायचं, शिशाचा गोळा तळाला लागला, आता खोली लिहा. सात वर्षं हाताला तेच वळण. त्याने दोर खुंट्याला अडकवला, कानामागची शिसपेन काढली आणि वहीत लिहिलं: बेचाळीस हात, तळ. मग तारीख घातली. मातीचा रंग लिहायला जागाही सोडली, शहाण्याने!

बैलांपाशी उभ्या शालिकरामने विचारलं, "हिसके आले का, भाऊ?"

हिसके!

वही कुठे पडली ते त्याला कळलंच नाही. तो दोरावर तुटून पडला. ओढला. हलेना! पुन्हा ओढला. तळहात सोलले. एकट्याचं कामच नव्हतं ते. बैल हवे होते, आणि बैल नळीच्या ताणलेल्या दोराला जुंपलेले. तो दोर सुटला की नळी परत गाळात जाणार. तिला पुन्हा काढायला ना पाणी उरलं होतं, ना दिवस. भगवंताने कुऱ्हाड उचलली. एक घाव. दुसरा. तिसऱ्या घावाला दोर तुटून सळसळत आत गेला. सात वर्षांची सगळी आस त्या चिखलात बुडाली.

बैल वळवून म्हाताऱ्याच्या दोराला जुंपले. काठाची माती ढासळत होती. शालिकरामने शेपट्या पिरगाळल्या आणि गयासुद्दीन वर आला. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. दोन्ही तांबे त्याच्या तोंडावर, छातीवर रिकामे झाले. बऱ्याच वेळाने घशात घरघर वाजली. जिवंत होता! शालिकराम तिथेच मातीत बसून रडला.

पाण्याचं पहिलं गाव गाठायला शालिकरामने गाडी रात्रंदिवस हाकली. सावलीपुरतं कांबळं टाकलेल्या गाडीत म्हातारा एकदाच पुटपुटला, "मले वरचा उजेड दिसून रायला होता, भाऊ. हात उचलत नव्हता. मी म्हटलं, आता ओढतीन. दोर काहून हालला नाई?"

भगवंतापाशी उत्तर होतं, वहीत तारखेसकट लिहिलेलं.

गयासुद्दीन वाचला, पण छाती कायमची अधू झाली. तो पुन्हा कधी विहिरीत उतरला नाही. भगवंताने वरिष्ठांना कळवलं, की पुरावा नाही. पावसाळा सरल्यावर तो जहाजावर रुजू झाला. पहिल्याच दिवशी मोजणीचा दोर ढिला पडला. खलाशाने तळ लागल्याचं सांगून वही पुढे केली. भगवंत दोन्ही हातांनी दोर ओढत होता. खलाशी हसला, मग हसायचा थांबला. शिशाचा गोळा फळीवर येऊन पडेपर्यंत भगवंताने दोर सोडला नाही.