लाइट गेल्यावरचं वाय-फाय

"चोर सापडलाय. पर मन मानत न्हाई," अर्जुनराव गव्हाणे खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले.

कासारवाडीच्या त्या लहानशा ऑफिसात योगिनी खळदकर शांतपणे ऐकत होती. तिचे सहकारी, निवृत्त हवालदार सुरेंद्र मोहिते, मात्र चक्रावले. चोर सापडल्यावर गुप्तहेराकडे येणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

भोसरीत अर्जुनरावांचा फिक्स्चर, म्हणजे मशिनवर सुटे भाग पकडून ठेवणारे साचे, बनवण्याचा कारखाना होता. चाकणच्या एका कंपनीसाठी केलेलं त्यांचं नवं डिझाइन प्रतिस्पर्ध्यानं आधीच सादर केलं. शुक्रवारी पहाटे, कारखान्याला कुलूप असताना, कोणीतरी बाहेरून वाय-फायमध्ये शिरून फाइल पळवली होती. आत शिरताना नाव वापरलं होतं डिझायनर दिव्याचं.

"पासवर्ड सगळ्यांचा एकच होता?" योगिनीनं विचारलं.

"न्हाई. आमच्या सनीनं ज्याचा त्याचा येगळा करून दिलाय. म्हणून तर पोरगी अडकली. मी तिला साऱ्या कामगारांसमोर चोर म्हनलो."

योगिनी आणि सुरेंद्र भोसरीच्या कारखान्यात पोहोचले. दिव्या चिखलीहून तिथं आली. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम.

"गुरुवारी सुट्टी असूनही काम संपवायला आले होते. दर गुरुवारसारखी दुपारी लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता. वाय-फायनं परत पासवर्ड मागितला. एकदा चुकला, म्हणून पुन्हा टाकला. वाय-फाय जोडलं गेलं, पण नेट काही चाललं नाही. मग घरी गेले."

"हे कोणाला सांगितलंत?"

"खोलीत मी एकटीच होते. आणि त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

"लॅपटॉप दुसरं कोणी वापरतं?"

"चाकणला डिझाइन दाखवायचं असलं की क्षितिज सर घेऊन जातात."

नेटवर्क बसवणारा सनी घाम पुसतच आला. "मॅडम, सगळ्या लॅपटॉपवर मीच सेटिंग केलं. समोरचं वाय-फाय खरंच आपलं आहे का, हे आधी तपासायचं आणि मगच पासवर्ड द्यायचा, अशी टिकची खूण सगळ्यांच्या सेटिंगमध्ये लावलीय."

"गुरुवारी तुम्ही इथं होतात?"

"सकाळी. राउटरचा यूपीएस बिघडला होता, तो दुरुस्तीला नेला."

सुरेंद्रनी भुवया उंचावल्या. यूपीएस नेणारा हाच, सेटिंग करणाराही हाच! आणखी काय हवं?

पगाराच्या कामासाठी गुरुवारी आपल्या खोलीत बसलेल्या अकाउंट्सच्या शैलाताईंची आठवण पक्की होती. "लाइट गेली आणि स्क्रीनवर सूचना आली, या नेटवर्कची ओळख पटत नाही म्हणून. मी बाई बंदच करून टाकलं. भलत्याला कशाला हो म्हणा!"

शेवटी क्षितिज आला. अर्जुनरावांचा भाचा, विक्रीचं काम बघणारा, हसतमुख, खांद्याला बॅग. "मला मेल पाठवण्यापलीकडे काही कळत नाही. पण मामा, दिव्यानं हे केलं नसणार. लाइट गेल्यावर स्वतःचाच पासवर्ड दोन-दोनदा टाकणारी मुलगी कसला कट करणार?"

किती भला माणूस, सुरेंद्रना वाटलं. योगिनीनं दिव्याचा लॅपटॉप उघडला, सेटिंग पाहिलं आणि सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"अर्जुनराव, लाइट गेली, यूपीएस दुरुस्तीला. मग राउटर चालू कसा राहील?"

"बंदच पडनार की."

"तरीही दोन लॅपटॉपना तुमच्या नावाचं वाय-फाय दिसलं. म्हणजे ते तुमचं नव्हतंच. कोणीतरी बॅटरीवर चालणारी वाय-फायची डबी आणून, तिला तुमच्याच नेटवर्कचं नाव देऊन, ती सुरू केली होती. शैलाताईंच्या लॅपटॉपनं तोतया ओळखला, कारण सनीची खूण जागेवर होती. दिव्याच्या लॅपटॉपवरची खूण कोणीतरी काढून टाकली आहे. त्यामुळे तिला सूचना आली नाही आणि पासवर्ड थेट त्या डबीत गेला."

"मग सनीच!" सुरेंद्र बोलून गेले.

"सनीला फसवायचं असतं तर त्यानं शैलाताईंचं सेटिंग इतकं चोख का केलं असतं, मोहितेकाका? दिव्याचा लॅपटॉप आणखी एकाच माणसाच्या हाती जात होता." ती वळली. "क्षितिज, दिव्यानं पासवर्ड दोनदा टाकला हे तुम्हाला कसं कळलं? ती एकटी होती, तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. एकदा चुकीचा, एकदा बरोबर, हे फक्त त्या डबीच्या मालकाला दिसलं असणार."

क्षितिजचं हसू मावळलं. "ते... अंदाजानं बोललो."

"तुमची बॅग टेबलावर ठेवता? ती डबी आत आहे का, पाहू."

त्यानं बॅग छातीशी धरली. पुढचं काही विचारायची गरज उरली नाही.

"का रं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"ज्यांना डिझाइन दिलं, ते भागीदार करणार होते, मामा. इथं जन्मभर भाचाच राहिलो असतो."

सुरेंद्र योगिनीकडे बघत राहिले. आपण ज्या वाक्यावर भुललो, तेच हिनं नेमकं पकडलं! पोलिसातली सगळी वर्षं आपण चेहरे वाचत आलो; ही पोरगी शब्द ऐकते.

अर्जुनराव दिव्यापुढे हात जोडून उभे राहिले. "पोरी, चुकलो. सोमवारपासनं ये."

"इथं नाही, साहेब," दिव्या म्हणाली. "जिथं चोर म्हणालात, तिथं सांगा."

 म्हातारा दार उघडून खाली मशिनींच्या शॉपमध्ये गेला आणि हात वर करून ओरडला, "मशिनी बंद करा रं!"

एकेक करत साऱ्या मशिनी थांबल्या. दिव्या जिना उतरून कामगारांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. अर्जुनरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बोलायला सुरुवात केली.