पालथा कप

वरून आधी काळ्या मेणाचा गोळा पडला आणि मग "अरेरे!" ऐकू आलं. गोळा नेमका हेस्टरच्या हातातल्या धुतलेल्या चादरींवर आदळला.

"खाली कुणी आहे का?" शिडीवरून आवाज आला.

"आहे अजून. डोकं थोडक्यात वाचलं."

शिडीवरून उतरला तो इतिहासाचा मास्तर, ऑब्रे पेनफोल्ड. काळा झगा एका खांद्यावरून घसरलेला, नाकाच्या शेंड्यावर मेणाचा डाग. रॅव्हनस्कोम शाळेच्या जुन्या वर्गात भिंतींना ओकच्या फळ्या होत्या आणि फळ्यांवर शाळा सोडून गेलेल्या पोरांनी कोरलेली नावं, चारशे वर्षांची. ऑब्रे त्यांवर कागद धरून मेण घासायचा आणि नावं उतरवून घ्यायचा. शाळेचा इतिहास लिहायला घेतला होता ना त्यानं!

"तुम्ही नव्या... म्हणजे मेट्रनबाईंच्या मदतनीस?"

"हेस्टर क्लेग. आणि ही चादर आता तुम्ही धुणार आहात."

"मी? मला येत नाही—"

"चारशे वर्षांची नावं उतरवता येतात, एक डाग उतरवता येत नाही?"

तो लाजला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाजला! एवढा मोठा मास्तर असा लाजतो म्हटल्यावर हेस्टरला तिथून हलावंसंच वाटेना. आणि हे तिच्या बाबतीत नवल होतं. प्रेस्टनचं इस्पितळ, स्कारबरोचं हॉटेल, बाथमधल्या एका खडूस म्हातारीची सोबत... कुठंही वर्ष होत आलं की तिच्या पायांना मुंग्या यायच्या. बॅग भरली की बरं वाटायचं.

इथं मात्र दिवस कसे गेले ते कळलंच नाही. पोरांचे खोकले, फाटके मोजे, घरच्या आठवणीनं उशीत तोंड खुपसून रडणारी नवी पिल्लं, या सगळ्यातून वेळ काढून ती त्या शिडीपाशी जायचीच. ती त्याला आपल्या सोडलेल्या नोकऱ्यांचे किस्से सांगायची. ऑब्रे शाळेची एकेक प्रथा सांगायचा आणि हेस्टर तिची टर उडवायची.

"नव्या मुलानं पहिल्या रविवारी टेबलावर उभं राहून गाणं म्हणायचं."

"का?"

"का म्हणजे? पहिल्यापासून म्हणतात."

"आणि वर्गात हिवाळाभर खिडक्या उघड्या का?"

"संस्थापकांना दमा होता."

"अहो, ते जाऊन चारशे वर्षं झाली! आता लावून घ्या की!"

तो हसायचा. मग एकाएकी गप्प व्हायचा, तिच्याकडे बघायचा, ओठ उघडायचा... आणि म्हणायचा, "पाऊस थांबला वाटतं." इकडे हेस्टरचा जीव टांगणीला! मार्च गेला, एप्रिल गेला, लिंबासारखी पिवळी फुलं कुंपणावर आली आणि गेली, पण पावसापलीकडे गाडी काही सरकेना. मे महिन्यात तिच्या पायांना पुन्हा मुंग्या यायला लागल्या. मात्र या खेपेला जावंसं वाटत नव्हतं. राहावंसं वाटत होतं, आणि कुणीतरी 'राहा' म्हणावं म्हणून जीव कासावीस होत होता.

जूनमध्ये संस्थापक दिनाचा चहा आला. मोठ्या दिवाणखान्यात सगळे मास्तर, त्यांच्या बायका, मधोमध मुख्याध्यापक डॉक्टर पॉलफ्री. काकडीची सँडविचेस, सुका केक, आणि उकळून उकळून कडू झालेला चहा. ऑब्रे समोरच बसला होता.

"मिस क्लेग," तो हळूच म्हणाला, "चहानंतर जरा... म्हणजे तुम्हाला वेळ असेल तर..."

"तर?"

"काही नाही. हवा छान आहे."

हेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात वाढणारी बाई किटली घेऊन पुन्हा आली. 'नको' म्हणण्याचाही कंटाळा आला होता. लँकेशरला तिची आजी करायची तसं हेस्टरनं केलं. कप बशीत पालथा घातला आणि हात झटकले.

दिवाणखाना चिडीचूप झाला. डॉक्टर पॉलफ्रींनी चष्मा काढला, उठून तिच्याकडे बघत किंचित मान लववली आणि पुन्हा बसले. कुणाची तरी बायको हातरुमाल शोधू लागली. ऑब्रेचा चेहरा पांढराफटक पडला. सँडविच तसंच टाकून तो बाहेर गेला.

हेस्टरला वाटलं, माझं काहीतरी चुकलं, बहुतेक खेडवळपणा झाला. पण कुणी काही बोललं नाही. बोलतील तर ते इंग्रज कसले!

त्या दिवसापासून ऑब्रे तिला टाळू लागला. समोरून आली की वळायचा. शिडी भिंतीला टेकलेली असायची, वर कुणी नसायचं. हेस्टरचं कशात मन लागेना. दोनदा तर तिनं खोकल्याचं औषध दात दुखणाऱ्याला पाजलं.

शेवटी मेट्रन मिसेस गॅथरकोल मोजे जुळवता जुळवता म्हणाल्या, "तुझी खोली आवरून ठेव गं. नवी मुलगी उद्या बघायला येतेय."

"माझी खोली? का?"

"अगं, तू चाललीस ना? संस्थापक दिनाला कप पालथा घातलास की! इथं राजीनामा तसाच देतात. कुणी कारण विचारत नाही, जाणारा सांगत नाही. पहिल्यापासूनची प्रथा आहे."

"मला चहा नको होता हो!"

मिसेस गॅथरकोलच्या हातातला मोजा खाली पडला. "अगं बाई! पण... पालथा कप सरळ केल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. आणि त्या पोरीला पत्रही गेलंय."

हेस्टर धावत सुटली ती थेट जुन्या वर्गात. ऑब्रे खिडकीत पाठमोरा उभा होता.

"तुम्ही मला ही प्रथा का नाही सांगितलीत? त्या दम्यासकट सगळ्या सांगितल्यात!"

तो वळला. त्याला आधी काही उमगेना, आणि मग हळूहळू उमगलं.

"म्हणजे तुम्ही... जात नव्हता?"

"नव्हते! का नाही सांगितलंत?"

"कारण ती सोडून जाण्याची आहे," तो म्हणाला. "तुमच्यासमोर तो विषय काढायचा मला धीरच झाला नाही."

हेस्टरचा राग मात्र अजून उतरला नव्हता. "आणि मी कप पालथा घातल्यावर? 'का जाताय' एवढं तरी विचारायचं होतं!"

"विचारायचं नसतं. प्रथा—"

"घाला चुलीत ती प्रथा!" ती ओरडली आणि निघून गेली. रात्री तिनं बॅग भरली.

सकाळी न्याहारीला सगळी शाळा भोजनगृहात जमली. मुख्याध्यापक पाव मोडेपर्यंत तिथं कुणी बोलायचं नसे. पोरं लापशीकडे आशाळभूतपणे बघत होती. डॉक्टर पॉलफ्रींनी पावाला हात घातला, तोच मास्तरांच्या टेबलावरून एक खुर्ची करकरली. ऑब्रे पेनफोल्ड उभा राहिला होता.

"मिस क्लेग," त्याचा आवाज फाटला, "तुम्ही... का जाताय?"

शेकडो डोळे तिच्याकडे वळले. पॉलफ्रींचा पाव हातातच राहिला.

"मला जायचंच नाहीये," हेस्टर म्हणाली. "चहा कडू होता, एवढंच."

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर पॉलफ्री खाकरले. "मिस्टर पेनफोल्ड, हे अगदीच... आणि मिस क्लेग, मला वाईट वाटतं, पण मदतनिसाची जागा भरली आहे. मी शब्द देऊन बसलोय."

हेस्टरनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती ऑब्रेकडे बघत होती. तो पुन्हा हवेबद्दल बोलायच्या आत तिनंच विचारलं, "मिस्टर पेनफोल्ड, शाळेत दुसरी एखादी जागा आहे का?"

ऑब्रेचे कान लाल झाले. खाली बसण्यासाठी त्यानं खुर्ची चाचपली, पण तो बसला नाही.

"आहे," तो म्हणाला. "चर्चमागच्या गल्लीत, माझ्या घरात. फार लहान आहे. आणि... ती कायमची आहे, हेस्टर. वर्षभरानं सोडता यायची नाही."

कायमची! या एका शब्दाला भिऊन ती आजवर गावोगाव पळत आली होती. तिनं वाट पाहिली... आता मुंग्या येतील, मग येतील. पाय जमिनीवर घट्ट होते.

"मग मी बॅग उघडते," ती म्हणाली.