अकरावं नाव

यी-रोंग त्या सकाळी कचेरीत आली ती रोजच्याच कामाला. ताय-चोंग शहरातल्या त्या कचेरीतून तिचा प्रोग्रॅम नऊ वाजता एकट्या राहणाऱ्या एकवीस म्हाताऱ्यांना फोन करी आणि विचारी, "जेवलात का?" बरं असेल तर फोनवरचं एक आकड्याचं बटण दाबायचं, की नावापुढे 'ठीक' उमटे. यादीत अकरावी होती तिची आजी, डोंगरातली आ-मा. नऊ दिवस आ-माच्या नावापुढे 'ठीक' उमटत होतं, म्हणून नातीने स्वतः फोन करायचा आळस केला होता. ते तिला टोचतही होतं.

"फोन रोज वीसच जातात," शेजारच्या टेबलावरचा ज्यान म्हणाला. "उत्तरं मात्र एकवीस! यंत्र बिघडू नये म्हणून त्यावर ठेवतो ते खाऊचं पाकीट शिळं झालंय वाटतं."

"परवाच बदललंय, ज्यानदादा. शुभ असतं ते हिरवंच ठेवलंय."

तो हसला. तिला मात्र चैन पडेना. तिने प्रोग्रॅम उघडला.

यादीचे तिने नऊ दिवसांपूर्वी दोन तुकडे केले होते, शून्य ते दहा आणि अकरा ते एकवीस. यंत्राची मोजणी शून्यापासून, आणि तुकडा कापताना शेवटचा आकडा बाहेरच राहतो. म्हणजे पहिला तुकडा नऊवर संपत होता आणि दुसरा अकरावर सुरू होत होता. मधल्या दहाच्या जागेवरचं नाव कुठेच नव्हतं. शून्यापासून मोजलं तर दहाची जागा म्हणजे अकरावं माणूस.

आ-माला नऊ दिवसांत एकही फोन गेला नव्हता. मग 'ठीक' कोण म्हणत होतं?

तिने नंबर लावला. बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"कोण?" आ-माचाच आवाज. यी-रोंगला रडूच फुटलं.

"मी गं... यी-रोंग. बरी आहेस ना?"

"यी-रोंग?" म्हातारी घुटमळली. "काय बाई थट्टा... तू तर इथे बसलीयेस."

"कुठे?"

"माझ्यासमोर. रोज नऊला येतेस, 'जेवलात का' विचारतेस आणि बसतेस. बोलत काही नाहीस. आजीला अहोजाहो कधीपासून गं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आ-मा, ऐक... ती मी नाही. ऊठ. आत्ताच्या आत्ता बाहेर पड."

पलीकडे कुलूप खटकन लागल्याचा आवाज आला. मग आ-मा अगदी हळू बोलली.

"कशी पडू, पोरी? दाराला कुलूप लावून किल्ली तूच घेतलीस ना... आत्ता."