किडेमास्तरांचं शुक्रवारचं उत्तर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांब खोली आहे. मधोमध तेवढंच लांब टेबल, त्यावर बारा पांढऱ्या बशा, प्रत्येक बशीत एक मेलेला किडा आणि शेजारी एक भिंग. दारावर कागद चिकटवलाय: ‘कीटक आणि त्यांचे भाऊबंद. पाच दिवसांची तोंडओळख. बारा वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं माणूस हवं.’ दिसलं? आता उघडा डोळे, कारण त्या कागदासमोर भांडण चाललंय.

“मावशी, तू मोठं माणूस आहेस की नाही?”

“आहे ना. पण किड्यांपुरती नाही.”

भाची नऊ वर्षांची. एका जागी ठरत नसे, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. मावशी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. भिंगरीच्या आईला झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायची सवय, त्यामुळे हे पाच दिवस मावशीच्या गळ्यात पडले होते.

“या, आत या!” म्हणत एक तरुण बाहेर आला. त्याच्या हातात बाटली, बाटलीत गोम, आणि नाकावर चष्मा. चष्म्याची एक काडी चक्क दोऱ्याने बांधलेली. मावशीची नजर गोमेवर गेलीच नाही.

“हे काय?”

“ही गोम. घाबरू नका, झाकण घट्ट आहे.”

“गोम नव्हे हो. हा दोरा!” तिने पर्समधून बोटाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि हात पुढे केला. “द्या इकडे. जगभरच्या किड्यांचे पाय मोजता, आणि स्वतःच्या दोन काड्या सांभाळता येत नाहीत?”

“पाय काय, आपोआप चालतात,” तो म्हणाला. “काड्यांना... कुणीतरी लागतं.”

म्हणाला आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला. दोन मिनिटांत चष्मा परत त्याच्या नाकावर बसला. समोर कोण उभं आहे ते त्याला आत्ता कुठे नीट दिसलं, आणि तो बघतच राहिला.

“सर, वर्ग?” भिंगरीने आठवण करून दिली.

पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांना पाय मोजायला लावले. सहा पाय तो कीटक. आठ पाय तो कोळी, कीटक नव्हे, पण भाऊबंद. खेकडा भाऊबंद, गोमही भाऊबंद. यांना संधिपाद म्हणायचं, कारण सगळ्यांचे पाय सांध्यासांध्यांचे. आणि आपली हाडं आत असतात, तसं यांचं नाही. यांचं कवच बाहेर, चिलखतासारखं.

“मग चिलखत घालून मोठं कसं व्हायचं?” भिंगरीने विचारलं. “ते फाटणार नाही का?”

“शाब्बास! याचं उत्तर शुक्रवारी.”

“आत्ता सांगितलं तर काय बिघडेल?”

“मजा बिघडेल.”

मुलं त्याला किडेमास्तर म्हणू लागली. बुधवारी बाहेर पावसाची भुरभुर होती. त्याने पतंगाचा एक पंख मावशीच्या भिंगाखाली सरकवला. तिने बराच वेळ पाहिलं.

“कौलं,” ती हळूच म्हणाली. “घरावरची कौलं असतात ना, एकावर एक... तशी आहेत ही.”

“आठ वर्षं शिकवतोय, पण कौलं कुणी म्हणालं नव्हतं.” तो थांबला. “तुम्ही असं बघता की...”

“की?”

“की... पाऊस थांबला वाटतं.”

पाऊस मुळीच थांबला नव्हता. भिंगरीने खिडकीकडे पाहिलं, मग दोघांकडे पाहिलं, आणि पुन्हा आपल्या भुंग्यात डोकं घातलं.

किडेमास्तर दर आठवड्याला नव्या गावी जायचा. शुक्रवारी संध्याकाळी त्याची बस होती. मावशीला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण गुरुवारी घरी जाताना ते अचानक टोचायला लागलं. उद्या त्याला काहीतरी बोलायचं, एवढं तिने ठरवलं. काय बोलायचं, ते अजून ठरत नव्हतं.

त्याच दिवशी त्याने प्रत्येकाला एकेक जिवंत प्राणी घरी न्यायला दिला होता. रात्रभर बघा, सकाळी सांगा. मावशीच्या हातात मात्र त्याने स्वतःची डबी ठेवली. पारदर्शक डबी, आत दुमडलेला पुठ्ठा आणि त्याखाली करड्या रंगाचा केसाळ कोळी.

“हा पहिलवान. सहा महिने माझ्याबरोबर फिरतोय. दुसऱ्या कुणाला दिला नसता.”

शुक्रवारी सकाळी पहिलवान डबीत उताणा पडला होता. आठही पाय वर, हालचाल शून्य.

भिंगरी ढसाढसा रडली. मावशी डबीकडे बघत म्हणाली, “कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्यासमोर? विश्वासाने दिला होता गं.”

“पण मला उत्तर ऐकायचंय! आणि मोठ्या माणसाशिवाय मला घेत नाहीत!”

मावशी गेली नाही. भाचीला आणि डबीला घेऊन सरळ दुकानात जाऊन बसली. दहा वाजले, अकरा वाजले. तिने एकच काच तीनदा घासली.

“त्याला पुरण्याआधी एकदा नीट बघू दे,” भिंगरी नाक पुसत म्हणाली. मावशीने चिमट्याने पहिलवानाला अलगद उचललं आणि कामाचं भिंग डोळ्याला लावलं. तशीच थांबली.

“भिंगरे, याच्या डोळ्यांच्या काचा आहेत बघ. आठच्या आठ, स्वच्छ. पण काचांमागे डोळेच नाहीत! हा पहिलवान नाही. ही नुसती फ्रेम आहे!”

तेवढ्यात डबीतला पुठ्ठा हलला. खालून फिकट, ओलसर, पूर्वीपेक्षा मोठा पाय बाहेर आला. मग दुसरा.

दोघी पळत सुटल्या. वाचनालयाच्या जिन्यावर शिपाईमामा किल्ल्या हातात घेऊन बसले होते. “आटपा लवकर, कुलूप लावायचंय,” ते म्हणाले. खोलीत किडेमास्तर एकटाच खोकी बांधत होता. टेबलावर एकच प्रमाणपत्र उरलं होतं.

“आम्हाला वाटलं मेला!” मावशी धापा टाकत म्हणाली.

त्याने डबीत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “माझंच चुकलं. तो कात टाकणार हे मला ठाऊक होतं. तुम्हाला बघायला मिळावं म्हणूनच दिला. आणि सांगितलं नाही, कारण...”

“कारण उत्तर शुक्रवारचं!” भिंगरी ओरडली. “चिलखत काढून टाकतात!”

“तुम्हाला एक धपाटा घालायला हवा,” मावशी म्हणाली.

“घाला. पण याला हात लावू नका. कात टाकली की अंग फार मऊ असतं. तेवढ्या वेळातच मोठं व्हायचं असतं. कुणी धक्का लावायचा नाही.”

मावशीने डबी हळूच टेबलावर ठेवली.

“तुम्ही जाताना मनात माझ्याबद्दल वाईट घेऊन जाल, म्हणून मी लपले,” मावशी म्हणाली. “त्यापायी तुम्ही न भेटताच गेला असता. बघा माझं शहाणपण.”

“मी अकराला वर्ग संपवणार होतो. दाराकडे बघत बाराला संपवला. मुलं म्हणाली, सर, हे फुलपाखरू तुम्ही तिसऱ्यांदा दाखवताय.”

तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. “तुमची संध्याकाळची बस...”

“ती उद्याही असते.”

“आणि परवा?”

“परवा रविवार. तुमचं दुकान बंद असेल ना?” त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मला... म्हणजे तुमची हरकत नसेल तर...”

“मला तुम्ही आवडता,” मावशी एका दमात म्हणाली. “घ्या. शुक्रवार आहे, सांगून टाकलं.”

किडेमास्तराच्या हातातली दोरी गळून पडली.

भिंगरीने टेबलावरचं प्रमाणपत्र उचललं, पाय न वाजवता बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. शिपाईमामा किल्ल्या वाजवत वर येतच होते. ती दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

“आत जायचं नाही, मामा,” ती कुजबुजली. “दोघांनी आत्ताच कात टाकलीय.”